दाखला अजून गावालाच का?

सुरतेत वीस-वीस वर्षं काढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा, "तुमची मंडळी कुठली?" उत्तर येतं नंदुरबार, नवापूर, जळगाव. घर उधन्याला किंवा लिंबायतला, मुलं इथल्याच शाळेत. सभासदत्वाचा दाखला मात्र अजून गावच्या चर्चमध्ये. घरभेटी करणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांना हे बरं वाटत नाही.

ओढ आम्हालाही कळते. उधन्याहून जळगावकडची गाडी धरली की वाटेत नवापूर लागतं. ते स्टेशनच अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात! डब्यात अहिराणी कानावर पडली की गाव यायच्या आधीच घरी आल्यासारखं होतं. आईवडील तिकडे आहेत, त्यांना विसरा असं कोण म्हणेल? पाचवी आज्ञा अंतराने सैल होत नाही.

पण बाबेलात नेलेल्यांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र (अध्याय 29) पुन्हा वाचून पाहा. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं सांगणारा हनन्या त्या काळीही होता. यिर्मया मात्र सत्तर वर्षांची गोष्ट करतो. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं कळवतो. त्यांना तर धरून नेलं होतं. आपण पोटासाठी का होईना, आपल्या पायांनी आलो.

सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले. जीव वाचवणं पाप नाही. पण पुढे याच शहराने स्वतःला असं झाडून काढलं की स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये ते इंदूरबरोबर पहिलं आलं. झाडू हातात घेणाऱ्यांनी हे शहर आपलं मानलं होतं.

आणि मुलांचं काय? गावच्या वहीत नाव आहे म्हणून इथे दृढीकरणाच्या वर्गाला बसत नाहीत, आणि गावी वर्ग असतो तेव्हा इथे शाळा असते. दोन मंडळ्यांच्या मधे पोर तसंच राहतं. खरं तर गुजराती भजनं त्यांना तोंडपाठ. ओठ नुसते हलतात ते आपले.

दिवाळीला कारखाने बंद झाले की गावी जाणारच आहात. येताना पाळकसाहेबांकडून दाखला मागून आणा. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत. रविवारी उपासना संपली की दाराजवळच्या टेबलाशी भेटा.