पाठीवरचं बिऱ्हाड : टोपाची परीक्षा

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा संपली की तुमच्या डोक्यात काय घोळायला लागतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. ‘चला, कुठंतरी मुक्कामाला जाऊ या!’ मग याद्या सुरू होतात. पाठपिशवी, विजेरी, दोरी, चादर, शिट्टी... यादी चांगली दोन पानं भरते. पण स्वयंपाकाच्या सामानाची पाळी आली की तिथं एकच ओळ असते : ‘घरून पातेलं आणणे.’

आज आपण या एका ओळीबद्दल बोलणार आहोत. कारण ही ओळ आम्हाला एकदा फार महागात पडली होती.

मी तेव्हा सातवीत होतो. भिवंडीतल्या आमच्या आळीतली बारा मुलं आणि दोन मोठी माणसं अशी आमची वरात माहुलीच्या पायथ्याशी एका रात्रीच्या मुक्कामाला निघाली. माहुली म्हणजे शहापूर तालुक्यातला तो सुळक्यांचा किल्ला. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांना जिथून तोंड दिलं, तोच हा. ओळखीच्या काकांचा कापडाचे तागे वाहणारा टेम्पो मिळाला होता. त्यामुळं सामान निवडायची गरजच कुणाला वाटली नाही. मावतंय ना? मग टाका टेम्पोत! एका घरचं लग्नकार्यातलं पितळी पातेलं, दुसऱ्या घरचा वातीचा स्टो, तिसऱ्या घरची पळी. झाकण कुणीच आणलं नव्हतं. सांडशी तर कुणाला आठवलीच नव्हती.

संध्याकाळी खिचडीचं आधण ठेवलं. पातेलं स्टोच्या मानानं दुप्पट रुंद. ते कसंबसं तोलून धरल्यासारखं बसलं होतं. पाणी उकळायला लागलं, आमच्यातल्या एकानं तांदूळ वैरले आणि पळी फिरवली. झालं! पातेलं कललं आणि उकळतं पाणी थेट त्याच्या उजव्या पायावर आलं. घाबरून कुणीतरी भाजल्या जागी टूथपेस्ट फासली. तीही चूकच. त्या रात्री आम्ही किल्ल्यावरचं चांदणं पाहायचं ते दवाखान्यातला दिवा पाहिला, आणि तो मित्र दीड महिना शाळेत येऊ शकला नाही.

चूक त्याची नव्हती, बरं का. चूक त्या पातेल्याचीही नव्हती. लग्नाच्या चुलाण्यावर ते ऐटीत बसलं असतं. चूक होती ती निवडीची.

पुढच्या वर्षी घरचे आम्हाला सोडायलाच तयार होईनात. शेवटी माझे वडील म्हणाले, “आधी शिकून या, मग जा.” आणि त्यांनी आम्हाला नेलं एका भिशीत. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. परगावाहून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण देणाऱ्या खानावळींना इथं भिशी म्हणतात. तिथले आचारी रोज पन्नास-साठ माणसांचं जेवण रांधायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमची सगळी हकिगत ऐकून ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “पहले खाना सोचो, फिर आग, फिर बर्तन.” आधी पदार्थ, मग जाळ, मग भांडं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं!

चला, चाचांच्याच क्रमानं जाऊ या.

काय शिजवणार? बारा जणांची खिचडी म्हणजे माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि ३५ ग्रॅम मूगडाळ धरली, तर सगळं मिळून सव्वा किलोच्या थोडं वर. त्यात जवळजवळ पाच लिटर पाणी आणि बटाटे-कांदे. म्हणजे टोपात सहा-सात लिटर ऐवज झाला. उकळी वर यायला पाव ते एक तृतीयांश टोप रिकामा हवा. म्हणजे नऊ-दहा लिटरचा टोप लागला. आता सांगा, सात किलो उकळती खिचडी तुमच्यापैकी कोण उचलणार? म्हणून एक मोठा टोप नेण्याऐवजी पाच-पाच लिटरचे दोन टोप न्या. एक सांडला तरी दुसरा शिल्लक असतो, हा आणखी एक फायदा. आणि डाळ-तांदूळ तासभर आधी भिजत घाला. जळणही वाचतं, वेळही वाचतो.

कशावर शिजवणार? हा प्रश्न तुम्ही प्रवास कसा करणार यावर अवलंबून आहे. भिवंडीहून माहुलीला जायचं तर बरेच जण कल्याणहून आसनगावची लोकल पकडतात. स्टेशनापासून माहुली गाव साधारण पाच किलोमीटर. पण रेल्वेच्या डब्यात गॅसचं सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल न्यायला कायद्यानं मनाई आहे. ‘एवढीशी बाटली तर आहे’ असं म्हणून लपवून नेणं म्हणजे सगळा डबा धोक्यात घालणं. तेव्हा लोकलनं जाणार असाल, तर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणातली चूल आधी ठरवून घ्या आणि जळणाचे पैसे द्या. जंगलात शिरून लाकडं तोडायची नाहीत. माहुलीचं रान तानसा अभयारण्यात मोडतं, आणि अभयारण्यात जाळ करून रान धोक्यात घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळक्या गवतात पडलेली एक ठिणगी डोंगरच्या डोंगर पेटवते.

स्वतंत्र गाडीनं जात असाल, तर पाच किलोचं छोटं सिलिंडर आणि रुंद बैठकीची शेगडी चालेल. मात्र पाच किलो हे नुसत्या गॅसचं वजन. लोखंड धरून ते दहा किलोंच्या वर जातं. सिलिंडरवरच बसणारी शेगडी असेल, तर वारा अडवायला तिला चहूबाजूंनी पत्रा लावू नका. आतलं सिलिंडर तापतं. आणि शेगडी पेटवायचं काम मोठ्या माणसांचं.

पूर्वी सगळ्यांचा भरवसा पंपाच्या स्टोवर असे. स्वीडनमधल्या फ्रान्स लिंडक्विस्ट या कारागिरानं १८९२ च्या सुमारास तो बनवला. त्यात रॉकेलची आधी वाफ होते आणि मग ती जळते, म्हणून काजळी धरत नाही. प्रायमस नावाचा हा स्टो १९५३ साली एव्हरेस्टवरही गेला होता. २९ मे च्या पहाटे, शिखरावर निघायच्या आधी, हिलरींचे बूट गोठून दगड झाले होते. ते त्यांनी स्टोच्या जाळावर धरून मऊ केले! त्यांनी तंबूत स्टो पेटवला तो नाइलाजानं. आपल्याला कसला नाइलाज? तंबूत किंवा बंद खोलीत चूल, शेगडी, स्टो काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच दगावतो.

कशात शिजवणार? आता आली भांड्यांची पाळी. ॲल्युमिनियमचा टोप हलका. त्याच मापाचं, तेवढ्याच जाडीचं पितळी भांडं त्याच्या तिप्पट भरतं. शिवाय ॲल्युमिनियम स्टीलच्या सुमारे पंधरापट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणून त्यात खिचडी सगळीकडून सारखी शिजते. पातळ स्टीलच्या टोपात मात्र जाळाच्या वर नेमकी काळी चकती धरते. ॲल्युमिनियमचा एकच नखरा आहे. चिंचेची आमटी किंवा कोकमाचं सार त्यात रात्रभर ठेवायचं नाही. आंबटानं धातू अन्नात उतरतो. पितळेला कल्हई लागते, आणि कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे रिकामं पितळी भांडं जाळावर विसरलात, की कल्हई गेलीच.

कुकर न्यावा का? माहुलीला नको. चुलीच्या जाळानं त्याच्या मुठी जळतात आणि दणकट कुकर पाठीलाही जड होतो. पण लडाखला गेलात, तर कुकरला पर्याय नाही. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी लवकर उकळतं. आपल्याकडं ते १०० अंशांना उकळतं, लेहमध्ये ८८-८९ अंशांच्या आसपास, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे ७० अंशांनाच! पाणी खळखळ उकळतंय आणि डाळ मात्र कच्चीच, असा तिथला प्रकार. कुकर वाफ कोंडून हेच तापमान १२० अंशांपर्यंत चढवतो. माहुली ८५८ मीटर उंच. तिच्या माथ्यावरही पाणी ९७ अंशांना उकळतं, आणि आपण तर पायथ्याशी रांधणार आहोत.

झाकण मात्र विसरायचं नाही. झाकणावाचून शिजवणं म्हणजे निम्मी ऊब आभाळाला वाटणं. ताटलीच झाकण म्हणून बसेल असा टोप निवडा, म्हणजे एक नग कमी झाला. टोप एकात एक बसणारे घ्या आणि आतल्या पोकळीत तिखट-मिठाच्या डब्या भरा. सांडशी दोन, लांब दांड्याची पळी एक, जाड सुती फडकी दोन. आणि चुलीवर टोप चढवायच्या आधी त्याला बाहेरून राखेचा किंवा ओल्या मातीचा लेवा द्या. हे तुमच्या आजीला विचारा. नंतर काजळी एका हातासरशी निघते.

कोण उचलणार? सगळं सामान जमिनीवर मांडा आणि वाटून घ्या. ‘हे माझ्या पिशवीत नको’ असं ज्या वस्तूबद्दल सगळेच म्हणतील, ती बहुतेक वेळा न्यायचीच नसते.

आता शेवटची आणि खरी परीक्षा. निघायच्या आधीच्या रविवारी नेमकं तेच सामान अंगणात किंवा गच्चीवर मांडा. जाळ पेटवायचा नाही. टोप गार पाण्यानं दोन तृतीयांश भरा, शेगडीवर किंवा तीन दगडांवर ठेवा आणि पळीनं जोरात ढवळा. बाजूनं हलका धक्का द्या. कललं? पाणी सांडलं? छान! गार पाणी आहे, पाय भिजतील, भाजणार नाहीत. मग बैठक बदला, दगड हलवा, टोप बदला. ही परीक्षा पास झाल्यावरच आई-बाबांना बोलवा आणि त्यांच्यासमोर त्याच सामानावर एकदा खिचडी करून वाढा. पालकहो, परवानगी देण्याआधी ही खिचडी जरूर मागा!

तरीही कुणी भाजलंच, तर टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचा, स्वच्छ कोरड्या कापडानं सैल झाकायचा आणि डॉक्टरांकडं जायचं.

आणि आमचा तो मित्र? त्याच्या पायावर अजून वण आहे. आमचा गट आता पन्नाशीकडं झुकला, तरी वर्षातून एकदा मुक्कामाला जातोच. भांडी निवडायचं काम त्याच्याकडं. आदल्या रविवारी तो अंगणात टोप मांडतो, गार पाणी भरतो, दोन पावलं मागं सरकतो आणि लांबूनच काठीनं ढोसून पाहतो. आम्ही कुणी हसत नाही. टोप हलला नाही, की तो वळून म्हणतो, “चला, आता निघू या.”

तुमच्या टोपाची परीक्षा कशी झाली, ते पत्रानं कळवा बरं का. नापास झाला असेल, तर आधी कळवा!