शपथ झाली, शिक्षण राहिले

ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी चेन्नईतून अमली पदार्थमुक्त तामिळनाडूची मोहीम सुरू केली, तेव्हा राज्यातील शाळा-महाविद्यालयांत लक्षावधी विद्यार्थ्यांनी शपथ घेतली. त्याआधी, डिसेंबर २०२१ पासून, राज्याच्या पोलिसांनी 'गांजा वेट्टै' म्हणजे 'गांजाची शिकार' या नावाने धरपकडीची मोहीम हाती घेतली होती. पुढे शाळांतून अमली पदार्थविरोधी मंडळे निघाली, मिरवणुका निघाल्या, फलक लागले. सरकार स्वस्थ बसले, असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. शपथ घेणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण कशाविरुद्ध शपथ घेतो आहोत, हे कोणी नीट सांगितले काय?

तामिळनाडूत हा विषय राजकारणाचा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अण्णाद्रमुकच्या सत्ताकाळातील गुटखा लाचप्रकरणाची चौकशी मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली. २०२४ मध्ये स्यूडोएफिड्रिनच्या तस्करीच्या आरोपावरून दिल्लीत अटक झालेला चित्रपट निर्माता द्रमुकचा पदाधिकारी होता. पक्षाने त्याला काढून टाकले, तरी त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. दोन्ही द्रविड पक्षांनी एकमेकांवर या विषयाचे हत्यार उगारले आहे. अशा वातावरणात सरकारला दाखविण्यासाठी दोनच गोष्टी उरतात : किती किलो माल पकडला आणि किती जणांना बेड्या घातल्या. वर्गात मुलाला काय समजले, याचा आकडा पत्रकार परिषदेत सांगता येत नाही.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन शिक्षा वजनाशी जोडली गेली. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलो म्हणजे 'व्यापारी प्रमाण', तेथे किमान शिक्षा दहा वर्षांची आणि जामीन जवळजवळ दुरापास्त. पण मेजवान्यांतून फिरणाऱ्या एमडीएमएच्या बाबतीत हीच व्यापारी मर्यादा अवघ्या दहा ग्रॅमची आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की भेसळ धरून एकूण वजन मोजले जाईल. 'मी विकत नव्हतो, मित्राची पिशवी पोचवीत होतो', हे वाक्य मुलांना निरुपद्रवी वाटते. कायद्यात बाळगणे आणि वाहून नेणे हेही गुन्हेच आहेत. आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ सीमाभागातून रेल्वेने दक्षिणेकडे येणाऱ्या गांजाच्या वाटेवर चेन्नई हे मोठे ठाणे आहे, आणि पिशवी वाहण्यासाठी अननुभवी तरुण हाताशी धरले जातात. म्हणून हा केवळ पुस्तकी मुद्दा नव्हे.

अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तथापि सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर व्यापारी प्रमाणाचा आरोप असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्राथमिक मूल्यमापन होऊन त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्याकडून तो वाहून नेववणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पिशवी हाती देणारा 'अण्णा' हाच कायद्याच्या दृष्टीने मोठा गुन्हेगार आहे. हे मुलाला माहीत असेल, तर नाही म्हणण्याचे बळ त्याला मिळेल.

सर्वांत कमी सांगितले जाते ते कलम ६४-अ. व्यसनाधीन व्यक्तीवर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. कायद्याने उघडा ठेवलेला हा दरवाजा शाळेच्या फलकावर मात्र दिसत नाही. तेथे दिसते ती बेडी आणि कवटी. सापडलो तर शाळेतून नाव कमी होईल, एवढेच मुलाला ठाऊक असते. मग तो लपवतो, आणि लपविण्याच्या काळातच सवयीचे व्यसन होते.

आरोग्याच्या बाबतीतही तेच. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक गोष्ट डोळ्यांत भरते. हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा, की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) मुलांमध्ये (१.१७ टक्के) अधिक आहे. यासाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या ४ लाख ६० हजार इतकी अंदाजिली आहे. थिनर, पंक्चरचे सोल्यूशन, चिकटविण्याचे द्रव यांसाठी कोणा तस्कराची गरज नसते, आणि पहिल्याच वेळी हृदयाचा ठोका बिघडून मृत्यू येऊ शकतो. चेन्नईत वारंवार पकडल्या गेलेल्या टॅपेंटाडॉलच्या गोळ्यांचेही तसेच. 'औषधाच्या दुकानातली गोळी आहे, तिने काय होणार?' असे मुलाला वाटते. ती चुरून, पाण्यात कालवून शिरेत टोचली, तर न विरघळणारा चुरा रक्तवाहिन्या बंद करतो. एकच सुई चौघांत फिरली, की यकृतदाह 'सी' आणि एचआयव्ही मागे येतात. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून थांबू शकतो. गांजाच्या चित्राभोवती रचलेल्या व्याख्यानात यातले किती येते?

भीती घालून भागत नाही, हा धडा जगाने घेतला आहे. अमेरिकेत १९८३ पासून लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी वर्गात जाऊन शिकविण्याचा 'डेअर' कार्यक्रम सुरू केला. तो देशभर पसरला, पण त्याचा टिकाऊ परिणाम होत नाही, असेच अनेक अभ्यासांत आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये काढलेली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह सुधारलेली मानके हेच सांगतात : एकवेळचे व्याख्यान आणि धाक निरुपयोगी, प्रशिक्षित शिक्षकाने अनेक तासिकांतून संवाद साधत नकार देण्याचे आणि ताण हाताळण्याचे कौशल्य दिले, तर उपयोग होतो.

त्यासाठी चेन्नईला परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. पतीला व्यसनापायी गमावल्यानंतर शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये याच शहरात टीटीके रुग्णालयाचे काम उभे केले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झाले. व्यसन हा आजार आहे, त्याचा इलाज शिक्षेने नव्हे तर उपचाराने होतो, ही दृष्टी या दोन्ही संस्थांनी समाजाला दिली. ती रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचली; शाळेच्या दारात अडली.

अडण्याचे एक कारण दिल्लीत आहे. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वेक्षण, राष्ट्रीय कृती आराखडा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश असे तीन आदेश दिले. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात व्यसनप्रतिबंध हा अकरा विषयांपैकी एक ठरला, आणि दर शाळेतील दोन शिक्षकांवर 'आरोग्यदूत' म्हणून जबाबदारी आली. कागद पुरेसे आहेत. पण कायदा गृह व अर्थ मंत्रालयांच्या कक्षेत, उपचार आरोग्य आणि सामाजिक न्याय खात्यांकडे, वर्ग शिक्षण खात्याकडे. परीक्षेत गुण नसलेला विषय मग कोणाचाच राहत नाही. महाराष्ट्राने २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या प्रश्नावर हेच पाहिले : अवघड विषय आला, की धोरण मागे सरते.

आवडी-पेरांबूरच्या केंद्रीय आस्थापनांत बदलीवर आलेले अधिकारी किंवा गलाईच्या धंद्यानिमित्त सौकारपेठेत स्थिरावलेली सांगलीकडील कुटुंबे यांना हा प्रश्न अधिक बोचरा आहे. शाळेची सूचना तमिळमध्ये येते, आईबापांना वाचता येत नाही. मूल मात्र सहा महिन्यांत मित्रांची भाषा शिकते. आजी-मामा गावी, शेजार परका. मुलाच्या वागण्यातला बदल ओळखणारे माणूस जवळ नसते. अशा घराने किमान दोन क्रमांक लिहून ठेवावेत : तस्करीची खबर देण्यासाठी १९३३ आणि मदतीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६.

दोन्ही क्रमांक सरकारचेच आहेत. पहिला मुलाला माहीत व्हावा, म्हणून मोहिमा निघतात. दुसरा लावताना त्याला भीती वाटू नये, यासाठी शिक्षण लागते. किती विद्यार्थ्यांनी शपथ घेतली, याची मोजदाद झाली. किती मुलांनी आपणहून मदत मागितली, हा आकडा ज्या दिवशी चेन्नईत आणि दिल्लीत विचारला जाईल, त्या दिवशी ही मोहीम पोलीस ठाण्यातून वर्गात आली असे म्हणता येईल.