डार्वेनच्या बाया, लालबागचे सांचे

माझे वडील लालबागला गिरणीत सांचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. म्हणून तो प्रसिद्ध फोटो पाहताना माझी नजर गांधीजींवरून लगेच भोवतीच्या बायांवर जाते. सप्टेंबर 1931, लँकेशरमधलं डार्वेन गाव. आपण ज्यांच्या कापडावर बहिष्कार घातला, त्या गिरण्यांतल्या कामकरणी हात उंचावून गांधीजींचा जयजयकार करताहेत.

हा फोटो आपण गांधीजींच्या मोठेपणाचा दाखला म्हणून छापतो आणि पान उलटतो. त्या बायांचं काय झालं, हे विचारायला हवं.

डार्वेनच्या डोक्यावर सुमारे 300 फूट उंच चिमणी आहे, इंडिया मिलची. अशा गिरण्यांचं पोट निर्यातीवर होतं. 1913 साली ब्रिटनमधून सुमारे 700 कोटी यार्ड सुती कापड बाहेर जायचं, त्यातलं 300 कोटी एकट्या हिंदुस्थानात. 1931 पर्यंत आपल्याकडे येणारं ब्रिटिश कापड 50 कोटींच्याही खाली आलं. याचं सगळं श्रेय बहिष्काराला देणं मला पटत नाही. महायुद्धात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानचं स्वस्त कापड आलं, आयातकर चढले. शिवाय 1919-20 च्या तेजीत लँकेशरच्या गिरण्या अवाच्या सवा किमतीला विकल्या गेल्या आणि कर्जात बुडाल्या. त्या सौद्यांत विणकरांना कुणी विचारलं नव्हतं.

गांधीजींनी तिथे दिलासा दिला, पण शब्द मागे घेतला नाही. तुमच्या बेकारांना सरकारी भत्ता तरी मिळतो, आमच्या खेड्यांत तोही नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्याआधी जेमतेम नऊ महिने, 12 डिसेंबर 1930 ला, काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीखाली बाबू गेनू गेला. तोही गिरणी कामगारच.

मालकांचा तोडगा मात्र दोन्हीकडे एकच होता. मुंबईत विणकराने दोनऐवजी तीन सांचे चालवावेत म्हणून दबाव आला. 1928 चा सहा महिन्यांचा संप पेटायला तेही एक कारण होतं. लँकेशरमध्ये चाराचे आठ करा म्हणत मालकांनी 1931 च्या सुरुवातीला टाळेबंदी केली. बाबू गेनूचा धडा शिकवताना डार्वेनच्या या बायाही मुलांना सांगा. परळ-लालबागच्या कुठल्याही चाळीत त्यांची तक्रार समजावून सांगावी लागली नसती.