तेलासाठी गोळा, मैल्यासाठी माणूस

मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघून, घाट चढून पुण्याजवळच्या लोणीपर्यंत येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची नळवाहिनी 1985 पासून चालू आहे. अशा नळांच्या पोटात गाळ, गंज आणि पाणी साचते. ते काढण्यासाठी आत माणूस उतरत नाही. नळाच्या पोकळीत घट्ट बसणारा, रबरी कडांचा वा ब्रशांचा एक ठोकळा एका टोकाने आत सोडतात. मागून येणाऱ्या तेलाचाच दाब त्याला पुढे रेटतो आणि भिंती खरवडीत तो दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. तंत्रज्ञ त्याला ‘पिग’ म्हणतात.

याच लोणी काळभोर परिसरात मार्च 2022 मध्ये मैल्याची टाकी साफ करताना चार माणसे गुदमरून मेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाघोलीच्या एका गृहसंकुलात आणखी तिघे मेले. तेलाच्या नळात ठोकळा जातो आणि मैल्याच्या टाकीत माणूस जातो! आमच्या औद्योगिक प्रगतीचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते करता येईल?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा यंत्रविद्येचे माहेरघर म्हणून मिरवतो. येथल्या कारखानदारीला ही विद्या अपरिचित नाही. हायड्रॉलिक नळीतला धातूचा कीस काढायचा तर हवेच्या दाबाने स्पंजची गोळी तिच्यातून सोडतात. वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या नळ्या साफ ठेवायच्या तर पाण्याबरोबर रबरी स्पंजचे गोळे फिरवतात. नळीत कण राहिला तर माल परत येतो आणि नळ्या तुंबल्या तर इंधन जास्त जळते. हा तोटा मालकाच्या वहीत लागलीच नोंदला जातो. म्हणून तेथे विज्ञान तत्परतेने हजर होते.

कारखान्याचे फाटक ओलांडून बाहेर या. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे येथे कंत्राटी कामगारांच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मोशी-चिखलीत उंच संकुले उठली. या लाखो माणसांचा मैला कोठे जातो आणि तो कोण उपसतो, हा प्रश्न गुंतवणुकीच्या कोणत्याही करारात नसतो. तो तुंबला की मुकादमाला निरोप जातो, आणि मुकादम नाक्यावरून दोन माणसे घेऊन येतो.

यावर विद्वान म्हणतील की तेलाचा नळ सरळ आणि भरलेला असतो. गटारे वाकडीतिकडी, अर्धवट भरलेली, जागोजाग खचलेली असतात. आणि मैल्याची टाकी तर नळच नव्हे. हे खरे आहे. टाकीला गोळा चालत नाही, शोषणपंपाची गाडी लागते. खचलेल्या वाहिनीला आधी दुरुस्ती लागते. परंतु यातले कोणते काम मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे? पॅरिसमध्ये सेन नदीच्या तळाखालून गटाराचे नळ नेले गेले, तेव्हा ते साफ करण्यासाठी व्यासाने थोडा लहान असा लाकडी गोळा पाण्याच्या जोराने त्यांतून सोडण्याची रीत बसली. गोळ्यामागे पाणी तुंबते, कडेच्या फटीतून वेगाने सुटते आणि गाळ पुढे लोटते. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे. दीडशे वर्षांपूर्वी लाकडाच्या गोळ्याला जे साधले, ते संगणकयुगातल्या श्रीमंत महापालिकांना साधू नये?

कायद्यांची उणीव नाही. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली ती 1949 साली. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची, तर 2023 मध्ये तीस लाखांची भरपाई ठरवली. पण 2013 च्या कायद्यातली मेख पाहा. त्यात बंदी आहे ती ‘धोकादायक’ सफाईवर, म्हणजे संरक्षक साधनांविना केलेल्या सफाईवर. माणसाला आत उतरवण्याचा दरवाजा अशा रीतीने किलकिला ठेवलेला आहे. सरकारच्याच आकड्यांनुसार 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे व टाक्या साफ करताना 377 जणांचा बळी गेला. आणि हाताने मैला उचलण्यामुळे मात्र कोणी मेले नाही, असे संसदेत सांगण्यात आले! मृत्यूचे नाव बदलले की मृत्यू टळतो, असा हा अजब हिशेब आहे.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे: श्रम जेथे स्वस्त, तेथे यंत्र महाग ठरते. गटारात उतरणारे श्रम स्वस्त का, याचे उत्तर मात्र बाजारात मिळत नाही. ते जातिव्यवस्थेत मिळते. शतकानुशतके एका समाजाला या कामाला जुंपले, म्हणून त्याच्या जिवाची किंमत मालकाच्या, ठेकेदाराच्या वा महापालिकेच्या खर्चात कधी धरलीच गेली नाही. ती त्याची विधवा भरते. यंत्र महाग नाही. माणूस स्वस्त ठेवलेला आहे.

म्हणून केवळ यंत्रखरेदीच्या निविदा काढून भागणार नाही. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मॅनहोल’चे ‘मशीनहोल’ करण्याची घोषणा झाली. झाकणावरची पाटी बदलल्याने खालचा वायू बदलत नाही. कोणत्याही सबबीवर माणूस आत उतरला तर कंत्राट तत्काळ रद्द व्हावे आणि मूळ मालक म्हणून महापालिका, औद्योगिक महामंडळ वा गृहसंस्था यांच्यावर फौजदारी जबाबदारी यावी. चाकण परिसरातल्या प्रत्येक नव्या इमारतीला, तिची टाकी बाहेरून यंत्राने उपसता येते हे पाहूनच वापराचा परवाना मिळावा. आणि यंत्रे आली की ती ठेकेदाराच्या हाती जाता कामा नयेत. ज्यांनी आजवर गटारे उपसली त्यांच्या सहकारी संस्थांकडे त्या यंत्रांची मालकी आणि कायम वेतनाची नोकरी आली पाहिजे. नाहीतर मृत्यूऐवजी बेकारी, एवढाच फरक पडेल.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः मैला उचलून भंगीमुक्तीचा धडा घालून दिला. त्या धड्याचा पुढचा भाग आम्ही समाजवाद्यांनी लिहायचा होता. तो अजून कोराच आहे, आणि लोणीपर्यंत तेल बिनबोभाट वाहते आहे.