काटा एकीसाठीच का?

लग्नाळू मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना उपदेश करणारे एक विद्वान हल्ली गावोगाव सांगत फिरतात, की लग्नानंतर अंगाने सुटणारी बायको नवऱ्याची फसवणूक करते. कांदेपोह्यांच्या वेळी मुलगी सडपातळ होती, पाच वर्षांत ओळखू येईना. मग नवऱ्याचं मन उडालं तर त्याला बोल का लावायचा? तिचा तोंडावर ताबा नाही, आणि हे सगळं आपण तिच्या आरोग्यासाठीच सांगतो आहोत, असंही ते म्हणतात. सभागृह टाळ्या वाजवतं. त्या टाळ्यांत पट्ट्याचं शेवटचं भोक गाठलेले पुरुष आघाडीवर असतात.

फसवणुकीचं लगेच निकालात काढू. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात व्यभिचार, क्रूरता, परित्याग, धर्मांतर, सात वर्षं बेपत्ता असणं अशी घटस्फोटाची कारणं दिली आहेत. १९५५ पासून आजवर त्यात बायकोचं वजन कुणी घातलेलं नाही. आकर्षणाबद्दल एवढंच, की नवऱ्याला टक्कल पडल्यावर बायकोचं मन कुठे जातं, याची चौकशी या विद्वानांनी अद्याप केलेली नाही.

आरोग्याच्या कळवळ्याकडे मात्र सवडीने पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २४ टक्के बायका आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. जेमतेम एका टक्क्याचा फरक, आणि व्याख्यानं सगळी एकीलाच. विद्वान म्हणतील, कंबरेचा घेर मोजला तर बायका कितीतरी पुढे आहेत. आहेत ना. मग व्यासपीठावरून उतरा आणि कारण शोधायला स्वयंपाकघरात या.

सगळ्यांची पानं उठली की तिचं पान. कुकरच्या तळाशी वाडगाभर भात उरलेला, पोराने अर्धी पोळी टाकलेली, सकाळची भाजी उद्यापर्यंत टिकणार नाही. हे कुणी संपवायचं? अन्न टाकू नये हा संस्कार सगळ्या घराचा, पण तो जमा होतो एकीच्याच पोटात. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा तिचा, फराळाच्या डब्यातला चुरा तिचा, पाहुण्यांच्या आग्रहाखातर घेतलेला दुसरा लाडूही तिचाच. बाळंतपणात तर अळीव, डिंक, मेथी यांच्या लाडवांवर तूप ओतून ‘बाळंतीण भरली पाहिजे’ म्हणून घरदार मागे लागतं. वर्ष उलटलं की तेच घरदार तिच्या ब्लाउजच्या उसवलेल्या शिवणी मोजतं. नव्या नवरीने अंग धरलं तर ‘लग्न मानवलं हं!’ आणि सुकली तर ‘सासरी जाच आहे का?’ म्हणजे तिचं वजन हे सासरचं प्रगतिपुस्तक. ते चांगलं दिसावं म्हणून तिने खायचं, आणि गुण जरा जास्त पडले की दोषही तिनेच पत्करायचा.

तिने फिरायला जावं म्हणता? २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं त्यात गेली; पुरुषांपैकी जे थोडे त्यात हात घालतात, त्यांची ९७. फिरायचा वेळ कुठून काढायचा, हेही व्याख्यानात सांगावं. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, स्टेरॉइड यांचा तर त्यात उल्लेखही नसतो.

इथे हमखास तो जुना वाद निघतो: आमच्या आज्या जात्यावर दळत, म्हणून शेलाट्या होत्या, मिक्सर आला आणि बायका ऐतखाऊ झाल्या. बरं. पुण्यात एके काळी कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर कामाला जात. स्कूटर आली तेव्हा पुरुष ऐतखाऊ झाले, असं कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तेव्हा ती प्रगती होती.

आणि डोळ्यांना सडपातळ दिसतं ते निरोगी, हा समजही आपल्याच पुण्यात मोडीत निघाला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३, अंगातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा नुसत्या नजरेने बायकोचं निदान करणाऱ्या बारीक नवऱ्यांनी आधी स्वतःचं रक्त तपासावं.

मग म्हणणं काय? वजन वाढलं तर वाढू द्यावं, असं नाही. मधुमेह बायकोला होतो तसा नवऱ्यालाही होतो. काळजी असेल तर ती कामातून दिसावी: रात्रीचा स्वयंपाक आठवड्यातून निम्मे दिवस नवऱ्याने करावा, उरलेलं अन्न दोघांनी वाटून घ्यावं, तपासणीला दोघांनी जावं, आणि घरात काटा आणलाच तर आधी नवऱ्याने त्यावर उभं राहावं. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात दोन्ही शरीरं बदलणार, हे गृहीत धरूनच लग्न करायचं असतं. ज्यांना बदल नको असेल, त्यांनी साखरपुड्याचा फोटो भिंतीवर लावून त्याच्याशीच संसार करावा. तो कधी जाड होत नाही, आणि विद्वानांची व्याख्यानंही निमूट ऐकून घेतो.