सेकंदाच्या पोटात

‘एक सेकंद हं!’ ऑफिसात दिवसभर सगळ्यात जास्त बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारं वाक्य. बॉसचा एक सेकंद वीस मिनिटांचा, एचआरचा दोन दिवसांचा आणि आयटी सपोर्टचा... जाऊ दे! पण मंडळी, जगात काही लोक असेही आहेत, ज्यांना एक सेकंद म्हणजे अख्खं युग वाटतं. त्यांचं घड्याळ फेमटोसेकंदात चालतं.

फेमटोसेकंद म्हणजे काय? एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्य इतके तुकडे करायचे, त्यातला एक. डोक्यात शिरत नाही ना? आमच्या ऑफिसात एक फिजिक्सवाला आहे. गडी एमएस्सी, पण सध्या एक्सेलमध्ये इन्व्हॉइस जुळवतो. तर्री-पोह्याची प्लेट हातात धरून त्यानं हिशेब सांगितला, “एक फेमटोसेकंद ताणून सेकंदाएवढा केला नं भाऊ, तर आपला साधा सेकंद तीन कोटी वर्षांच्या वर जाते!” माझा घास हातातच राहिला.

बरं, एवढ्या बारीक वेळात होतं तरी काय? खरं तर सगळंच! मोबाइलची चिप असो की गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, प्रत्येक वस्तूतले अणू सतत थरथरत असतात. त्यांची एक थरथर काही दहा ते काहीशे फेमटोसेकंदांत उरकते. अणूंमधले बंध तुटतात, जुळतात, वस्तू वितळायला लागते, तो सगळा ड्रामा इथेच. आपल्या वाट्याला येतो तो फक्त ‘दि एंड’.

हा ड्रामा टिपायचा, तर कॅमेऱ्याला दोन अटी. एक, प्रकाशाची तरंगलांबी दोन अणूंमधल्या अंतराइतकी बारीक हवी, म्हणजे एक्स-रे आले. दोन, फ्लॅश फेमटोसेकंदांचा हवा, नाहीतर फोटो हलणार. पहिली अट आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये पूर्ण होते. डॉ. दिलीप भवाळकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते, त्या राजा रामण्णा केंद्रात २००५ पासून ‘इंडस-२’ हे यंत्र आहे. १७२.५ मीटर घेराच्या रिंगणात इलेक्ट्रॉन पळतात आणि झकास एक्स-रे देतात. पण अणूंच्या थरथरीच्या मानाने त्याचे झोत फारच लांब. दुसरी अट राहिलीच!

ती पूर्ण केली २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डजवळच्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरनं. त्याचा फंडा समजायला ढोल-ताशा आठवा. सुरुवातीला प्रत्येक ढोलवाला आपापल्या तंद्रीत बडवत असतो, नुसता गोंगाट. मग ठेका सापडतो, आणि पन्नास ढोल एकच ढोल होऊन छातीत घुमतात. इथेही तसंच. प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन उलटसुलट मांडलेल्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातात. वळताना एक्स-रे सोडतात. तेच एक्स-रे इलेक्ट्रॉनना एका ठेक्यात बांधतात, मग सगळे मिळून एकदम चमकतात. हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सएफईएल २०१७ मध्ये सुरू झालं. लांबी ३.४ किलोमीटर, आणि सेकंदाला २७ हजारांपर्यंत झोत!

फोटो काढायची पद्धतही भन्नाट आहे. आधी साध्या लेझरनं वस्तूला टिचकी मारायची. ठरावीक फेमटोसेकंदांनी एक्स-रेचा झोत सोडायचा. मग पुन्हा टिचकी, यावेळी थोड्या उशिरानं झोत. असे फोटो ओळीनं लावले, की अणूंचा सिनेमा तयार. झोत इतका तापट असतो, की नाजूक नमुना भस्म होतो. पण होण्याआधी फोटो निघालेला असतो!

या सिनेमात दिसलं काय? २०१५ मध्ये रुथेनियम धातूवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन जोडीला येतानाचा, बंध पुरता जुळण्याआधीचा क्षण सापडला. गाडीचा धूर कमी विषारी करणाऱ्या प्रक्रियेच्या मुळाशी हीच जोडी असते. २०१९ मध्ये पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत वापरलेल्या जातीच्या मिश्रणांचं वितळणं-गोठणं तपासलं गेलं. ही मिश्रणं चटकन आपली रचना का बदलू शकतात, याचा धागा तिथे हाती लागला. उद्याची मेमरी चिप याच ज्ञानावर उभी राहायची आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात नागपूर कुठे? आहे ना राजेहो! १९१० मध्ये एक बाविशीतला ऑफिसर रंगूनहून बदली होऊन आपल्या गावात आला. खातं फायनान्सचं, काम हिशेबाचं. नाव चंद्रशेखर वेंकट रामन! वर्षही पुरं झालं नाही, तोवर १९११ मध्ये प्रमोशनवर कलकत्त्याला रवानगी. तिथे नोकरी सांभाळून सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर त्यांची प्रयोगशाळा चालायची. १९०७ ते १९१७, दहा वर्षं दोन दगडांवर पाय. मग पगार कमी होणार हे माहीत असून त्यांनी प्राध्यापकी घेतली. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम सापडला, १९३० मध्ये नोबेल.

तो शोध याच थरथरीचा होता! द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून रेणू कसा कंप पावतो ते कळतं. बंद दाराबाहेर उभं राहून ढोलाचा ठेका ओळखावा, तसं. एक्स-रे लेझरनं ते दार उघडलं. २०२० मध्ये तर एलसीएलएसच्या झोतांनी नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूंवर रामन परिणामाचाच एक्स-रे अवतार घडवून दाखवला.

आपल्या देशात एक्स-रे लेझर अजून नाही. पण बाहेरच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. अर्ज करायचा, आणि निवड होते ती प्रश्नाच्या दमावर.

हे ऐकवल्यावर आमचा फिजिक्सवाला गप्प झाला. त्याच्या ड्रॉवरमध्ये पीएचडीच्या प्रवेशाचा फॉर्म तीन महिन्यांपासून पडून आहे. फ्लॅटचा ईएमआय आहे, आईचं बीपी आहे, घरी लग्नाचा विषय आहे. “रामनसाहेबांना ईएमआय नव्हता रे,” तो म्हणाला. खरंय, नव्हता. शिवाय सगळ्यांनीच नोकरी सोडावी असंही नाही. पण नोकरी न सोडताही ते दहा वर्षं सकाळ-संध्याकाळ प्रयोग करत होते, हे त्याला नाकारता आलं नाही.

येत्या रविवारी आम्ही दोघं गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात जाणार आहोत. फॉर्म सोबत आण, एवढंच मी त्याला सांगितलंय. भरायचा की नाही, ते त्याचं त्यानं ठरवायचं. पेन मी नेतोय.