शाळा कुणी बंद करायची, किती दिवस, आणि उत्तर कुणी द्यायचं?
छत्तीसगढ विधानसभेला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष डॉ. रमण सिंह आणि सर्व सन्माननीय सदस्य,
छत्तीसगढ विधानसभा



कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये, ज्यांच्या सरकारच्या काळात राज्य बंद झालं, ते भूपेश बघेल आज पाटणचे आमदार म्हणून विरोधी बाकांवर आहेत. त्या वेळी सरकारवर टीकेची झोड उठवणारे डॉ. रमण सिंह अध्यक्षांच्या आसनावर आहेत. दुर्ग शहराचे आमदार गजेंद्र यादव यांच्याकडे शालेय शिक्षण खातं आलं आहे. निर्णय घेणारे, त्यांना जाब विचारणारे आणि आता शाळांचा भार वाहणारे असे सगळे एकाच सभागृहात आहेत. आत्ता त्या निर्णयांचा हिशेब मांडला नाही, तर पुढे तो कुणी मांडेल असं वाटत नाही. म्हणून हे पत्र.

दुर्गच्या मोहन नगरमध्ये माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. घर मराठी. सासऱ्यांची पिढी नागपूरकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आली आणि इथलीच झाली. या पत्राची हिंदी प्रत मी विधानसभेकडे पाठवते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण महाराष्ट्र-छत्तीसगढ सीमेवरच्या बागनदीच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंना हीच साथ आली, हेच प्रश्न उभे राहिले, आणि दोन्हीकडे त्यांची उत्तरं अजून कुणी दिलेली नाहीत. माझ्यासारखीला ‘शाळा की धंदा’ या वादात बाजू घेता येत नाही. शाळा मिटली की माझं उघडं दुकानही मिटल्यासारखंच, आणि दुकान मिटलं की मुलीची फी थकते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. निर्बंध नकोच होते, असं माझं म्हणणं नाही. एप्रिल 2021 मध्ये दुर्ग जिल्ह्यात काय चाललं होतं ते आम्ही पाहिलं आहे. भिलाईच्या सेक्टर 9 मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयापासून सरकारी दवाखान्यांपर्यंत खाटेसाठी वणवण होती. मुक्तिधामांत जागा अपुरी पडत होती. या साथीनं राज्यातली सुमारे 14 हजार माणसं नेली, ही सरकारी नोंद. दुसऱ्या लाटेत राज्यात अगदी आधी बंद झालेल्या जिल्ह्यांत दुर्ग होता. 6 एप्रिलला सुरू झालेला लॉकडाऊन 14 तारखेला संपणार होता, तो वाढत वाढत मे अखेरपर्यंत गेला. पहिला आठवडा आम्ही मान्य केला होता. पुढची प्रत्येक वाढ कोणत्या आकड्यांवर ठरली, काय उघडलं असतं तर किती धोका होता, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्या काळात राजकीय वाद भरपूर झाला. मार्च 2021 मध्ये नवा रायपूरच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांसह रोड सेफ्टी क्रिकेट मालिका भरली आणि मुख्यमंत्री आसामच्या प्रचारात होते, यावर भाजपनं बोट ठेवलं. काँग्रेसनं बंगालच्या सभा, कुंभमेळा आणि केंद्राकडून येणाऱ्या लसींचा हिशेब मागितला. 10 मेपासून दारू घरपोच देण्याची मुभा मिळाली, तेव्हा अवैध दारूला आळा बसावा म्हणून हे करतो आहोत असं सरकारनं सांगितलं, आणि विरोधकांनी त्यावर रान उठवलं. लसीकरणात अंत्योदय कुटुंबांना आधी घेण्याचा निर्णय उच्च न्यायालयात अडला. हे वाद खोटे नव्हते. पण त्यांतला प्रत्येक वाद ‘तुम्ही की आम्ही’ एवढ्यावर येऊन थांबला. दारूची बाटली घरी येऊ शकते आणि पहिलीतलं मूल ओट्यावर बसून बाईंकडून अक्षरं शिकू शकत नाही, हा क्रम कोणत्या तत्त्वावर लागला, हे सभागृहानं कधी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? त्या दोन महिन्यांत अधिवेशनच नव्हतं.

बंदीचे आदेश कलेक्टरांच्या सहीनं निघत. मंत्र्यांना विचारावं तर ते म्हणत, स्थानिक परिस्थिती पाहून कलेक्टर ठरवतील. कलेक्टर कार्यालय शासनाच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवे. अधिकार एकाच्या हातात आणि जबाबदारी कुणाच्याच नाही, अशी ही रचना होती. तिचं टोक सूरजपूरला दिसलं. मे 2021 मध्ये तिथल्या कलेक्टरांनी रस्त्यावर एका तरुणाला थप्पड मारली, त्याचा मोबाईल आपटला. चित्रफीत पसरली आणि मुख्यमंत्र्यांनी त्यांना तातडीनं पदावरून हटवलं. ती कारवाई योग्यच होती. पण चित्रफीत निघाली नसती तर त्या तरुणानं दाद कुठे मागितली असती?

या रचनेचं मूळ आपल्या मराठी माणसांना चांगलं ठाऊक आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. त्याच्याच बळावर पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग समितीनं घरांत शिरून झडत्या घेतल्या. लोकांचा संताप इतका पेटला की 22 जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या वेळचा तो चार कलमांचा कायदा 2020 मध्येही आपल्या हाताशी होता. सरकारला वाटेल तसे नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्‌भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढं त्यात आहे. बंदी किती दिवसांची, तिची कारणं कुणाला दाखवायची, विधिमंडळाची मंजुरी कधी घ्यायची, शाळांचं काय, बुडालेल्या रोजगाराचं काय, यावर त्यात अक्षर नाही. 2020 मध्ये त्यात बदल झाला, तो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी. तो हवाच होता. नागरिकाला मात्र त्यातून काही मिळालं नाही.

आता शाळांकडे वळते. मार्च 2020 च्या मध्याला शाळा बंद झाल्या आणि प्राथमिकचे वर्ग 2 ऑगस्ट 2021 ला उघडले. सोळा महिन्यांहून जास्त काळ. जे मूल जून 2019 मध्ये पहिलीत बसलं, ते पुन्हा वर्गात आलं तेव्हा तिसरीत होतं. दुसरी त्यानं पाहिलीच नाही. या काळात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल 2020 मध्येच ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा राज्याचा ऑनलाईन शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे शिक्षक वस्तीवस्तीत, झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर मोहल्ला क्लास घेऊ लागले. कुठे लाउडस्पीकरवरून धडे झाले. त्या शिक्षकांचं ऋण मोठं आहे. पण ज्या घरात एकच मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथे ऑनलाईन वर्ग म्हणजे नावापुरती हजेरी होती.

अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी 2021 मध्ये पाच राज्यांतल्या 16,067 मुलांची पाहणी केली, त्यात छत्तीसगढ होतं. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं निदान एक कौशल्य 92 टक्के मुलांनी गमावलं होतं, गणितातलं 82 टक्के मुलांनी. हे दुसऱ्या लाटेच्या आधीचं चित्र. देशाच्या ग्रामीण भागातल्या ‘असर’ या शिक्षण-पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के उरली. 2024 मध्ये हा आकडा 27.1 वर आला, याचा आनंद आहे. पण ही मुलं वेगळी आहेत. ज्यांची दुसरी हरवली ती पुढच्या वर्गांत सरकत गेली आणि त्यांच्या मागे राहिलेलं कुणी मोजत नाही. माझ्या दुकानात मोठ्या वर्गातली मुलं वही घेताना आजही नाव आणि विषय लिहायला अडखळतात, तेव्हा ते मागे राहिलेलं मला दिसतं.

तरीही आपल्या राज्यानं एक निर्णय देशाला दाखवण्यासारखा घेतला, आणि तो सगळे विसरले आहेत. जुलै 2021 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक बलराम भार्गव यांनी सांगितलं की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा आधी प्राथमिक शाळा उघडण्याचा विचार करावा. छत्तीसगढनं 2 ऑगस्टला तेच केलं. निम्म्या हजेरीनं, आणि लहानांचे वर्ग सुरू करण्याची शिफारस गावात ग्रामपंचायत व पालक समितीनं, शहरात वॉर्डाचे पार्षद (नगरसेवक) व पालक समितीनं करायची, अशी अट घालून. महाराष्ट्रात पहिलीपासूनचे वर्ग 1 डिसेंबरला उघडले आणि मुंबई-पुण्यात तर आणखी दोन आठवड्यांनी. म्हणजे आमच्या पहिलीच्या मुलांना नागपूरच्या मुलांपेक्षा निदान चार महिने आधी वर्ग मिळाला. या शिफारशीसाठी झालेल्या बैठकांत आयांनी शिक्षकांना नेमके प्रश्न विचारले: एका बाकावर किती मुलं, आजारी मुलाचं काय, पाण्याची सोय कशी. उत्तरं पटली तिथे त्यांनी मुलं पाठवली. निर्णय वॉर्डात आला की लोक घाबरून नुसते आदेश पाळत नाहीत, जबाबदारी घेतात, हे तेव्हा सिद्ध झालं.

दुकानदारांच्या वाट्याला अशी बैठक कधी आली नाही. भिलाई पोलाद कारखाना सुरू राहिला आणि तो राहायलाच हवा होता. झोतभट्टी मनात येईल तेव्हा विझवून पुन्हा पेटवता येत नाही, आणि दुसऱ्या लाटेत इथल्या ऑक्सिजननं इतर राज्यांतले जीव वाचवले. त्याच दुर्ग-भिलाईत सुपेल्याच्या बाजारातला ठेलेवाला, इंदिरा मार्केटमधला शिंपी, शाळेच्या फाटकापाशी बोरं-चिंचा विकणारी बाई यांची कमाई मात्र एका कागदानं शून्यावर आली. मदत आली ती बहुतेक कर्जाच्या रूपात. फेरीवाल्यांसाठी जून 2020 पासून स्वनिधी योजनेचे दहा हजार रुपये होते, तेही फेडायचेच. लघुउद्योगांच्या हमीकर्ज योजनेत आधीच बँकेचं कर्ज असलेल्यालाच नवं कर्ज मिळे. ज्यानं आयुष्यभर उधार घेतलं नाही, त्याला त्यात जागाच नव्हती. समाजाच्या जिवासाठी ज्याचं शटर उतरवलं, त्याचं नुकसान समाजानं वाटून घ्यायला हवं होतं. ते एकेका घरानं एकट्यानं सोसलं.

हा वाद जगभर झाला. अमेरिकेत मिशिगनच्या राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांच्या निर्बंधांवरून मोठा संघर्ष पेटला. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2 ऑक्टोबर 2020 ला ठरवलं की विधिमंडळाच्या संमतीशिवाय 30 एप्रिलनंतर आणीबाणी लांबवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पेनसिल्वेनियात मे 2021 मध्ये मतदारांनीच राज्यघटना बदलली आणि राज्यपालांनी पुकारलेली आणीबाणी विधिमंडळानं वाढवली नाही तर 21 दिवसांत संपेल, असं ठरवलं. त्या निकालांमागेही पक्षीय राजकारण होतं आणि काहींना ते चुकीचे वाटतात. पण कुणी, किती दिवस आणि कुणाच्या संमतीनं, हा प्रश्न तिथे चव्हाट्यावर सुटला. ब्रिटनमध्ये माजी न्यायमूर्ती हॅलेट यांची चौकशी साथीतले निर्णय एकेक करून तपासते आहे. आपल्याकडे शांतता आहे.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. केरळनं 2021 मध्ये स्वतःचा साथरोग कायदा केला. छत्तीसगढलाही करता येईल. त्यात चार गोष्टी असाव्यात, अशी माझी मागणी आहे.

पहिली: कोणताही बंदीचा आदेश चौदा दिवसांपेक्षा जास्त नसावा. प्रत्येक वाढीबरोबर त्या जिल्ह्यातले रुग्ण, खाटा, ऑक्सिजन यांचे आकडे आणि कारणं हिंदी व छत्तीसगढीत जाहीर व्हावीत. बंदी महिन्यापलीकडे जाणार असेल तर सभागृह बोलवावं.

दुसरी: शाळा सगळ्यांत शेवटी बंद व्हाव्यात आणि सगळ्यांत आधी उघडाव्यात. दारूदुकान, मॉल, लग्नसमारंभ, क्रिकेटचे सामने यांतलं काहीही प्राथमिक शाळेच्या आधी सुरू होऊ नये. उघडण्याची शिफारस 2021 सारखीच वॉर्ड आणि ग्रामपंचायतीकडे राहावी.

तिसरी: सरकारी आदेशानं बंद झालेल्या छोट्या दुकानदारांना, ठेलेवाल्यांना आणि रोजंदारीवरच्या माणसांना थेट भरपाई मिळावी, कर्ज नको. त्यांच्या वॉर्डवार याद्या साथ नसतानाच तयार असाव्यात.

चौथी: आदेश राबवताना मारहाण, जप्ती किंवा अपमान झाला, तर दाद मागण्यासाठी जिल्ह्यात एक स्वतंत्र अधिकारी असावा. चित्रफीत निघण्याची वाट कुणाला पाहावी लागू नये.

आणि कायद्याच्या आधी, सर्वपक्षीय समिती नेमून 2020 ते 2022 मधल्या बंदीच्या आदेशांचा आढावा घ्यावा. तिनं दुर्गला यावं. पालक, शिक्षक, दुकानदार, परिचारिका आणि त्या वेळी सह्या करणारे अधिकारीही तिच्यापुढे बोलावेत. त्या दिवसांत झोप हरपून काम केलेल्या अधिकाऱ्यांनाही आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे.

अध्यक्ष महोदय, तेव्हा आपण विचारलेले प्रश्न आता आपल्या अध्यक्षतेखाली सभागृहात यावेत. बघेलजी, प्राथमिक शाळा देशात लवकर उघडणारं सरकार तुमचं होतं. त्या निर्णयाचं कायद्यात रूपांतर व्हावं म्हणून तुम्हीच पहिलं भाषण करा. गजेंद्रजी, शाळांची बाजू मांडण्याचं काम आता आपल्याकडे आहे.

पुढच्या अधिवेशनात हा विषय आला नाही, तर मोहन नगरच्या पालकांना आणि दुकानदारांना एकत्र बसवून हेच चार मुद्दे आम्ही आमच्या पार्षदांच्या आणि आमदारांच्या हाती देऊ. 2028 मध्ये मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आम्ही हेच विचारू: पुढची साथ आली तर माझ्या मुलांची शाळा कुणाच्या सहीनं बंद होईल, किती दिवसांसाठी, आणि त्या सहीचं उत्तर मी कुणाकडे मागायचं?

आपली,
मोहन नगरमधील एक दुकानदार आणि आई